ब्रेकचे बोल्ट: जुनेच लावायचे की नवे?

आधी गाडीचं मॅन्युअल बघा. त्यात बोल्ट 'एकदाच वापरायचा' असं लिहिलं असेल, तर जुना कितीही चकचकीत दिसो, नवाच लावा. असे काही बोल्ट कसताना मुद्दाम ताणले जातात; दुसऱ्यांदा त्यांची पकड भरवशाची राहत नाही.

कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या ब्रॅकेटवर बसतो, त्याच्या बोल्टवर ब्रेक दाबल्यावरचा सगळा जोर येतो, म्हणून इथे काटकसर नको. आटे वायर ब्रशने साफ करून हाताने फिरवून पाहा. अडकला, मध्येच बारीक झालेला दिसला, डोक्याचे कोपरे गोल झाले किंवा गंजाने खड्डे पडले, की बदला. मुंबईत वरळी, वर्सोव्यासारख्या समुद्रालगतच्या भागात खारी हवा आणि पावसाळा मिळून बोल्ट लवकर खातात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात, पण ब्रेकचा बोल्ट तिथून घेऊ नका. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्टही नको, डोक्यावर १०.९ (बोल्टच्या मजबुतीचा आकडा) असेल तर तिथे ८.८ चालत नाही.

जुना बोल्ट चांगला असेल आणि मॅन्युअलची परवानगी असेल, तर आट्यांवरचा जुना थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) काढून सांगितलेला नवा लावा. आट्यांना ग्रीस लावू नका, नाहीतर तोच टॉर्क (कसण्याचा जोर) देऊनही बोल्ट जास्त ताणला जातो. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिनला मात्र ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस हवंच.

होज (ब्रेक ऑइलची नळी) काढला असेल तर तो जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टचे दोन्ही तांब्याचे वॉशर नवे टाका. जुने चेपलेले असतात, तिथूनच ऑइल झिरपतं. शेवटी टॉर्क रेंचनेच कसा, पान्याच्या अंदाजाने नाही.