इंग्लंडमध्ये पायवाटेची नोंद कौन्सिलकडे कशी करून घ्यावी

इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतांतून, ओढ्याकाठाने जाणारी सार्वजनिक पायवाट 'डेफिनिटिव्ह मॅप'वर, म्हणजे अशा वाटांच्या अधिकृत कायदेशीर नकाशावर, चढली की तिच्यावरून चालण्याच्या हक्काबद्दल वाद उरत नाही. हा नकाशा काउंटी (जिल्हा) कौन्सिलकडे किंवा, जिथे एकच स्थानिक संस्था सगळा कारभार पाहते तिथे, त्या युनिटरी कौन्सिलकडे असतो. वाट नकाशावर नाही म्हणून हक्कच नाही, असे मात्र नसते; ती नोंदायची राहून गेलेली असू शकते. अशा वाटेसाठी १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टखाली कोणालाही अर्ज करता येतो. फी नाही, वकीलही लागत नाही.

कौन्सिल एकच प्रश्न तपासते: लोकांचा हक्क आधीच निर्माण झालेला आहे का? महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरच्या रस्त्याचा दावा आला, तर तहसीलदाराला शेतकऱ्याची गरज विचारात घ्यावी लागते. इथे गरज मोजलीच जात नाही. 'मुलांना शाळा जवळ पडते' हे कारण चालत नाही, आणि 'आमचा खासगीपणा जातो' हे मालकाचे म्हणणेही चालत नाही. म्हणून सगळी मेहनत पुराव्यावर घ्या.

आधी वीस वर्षे मोजा. १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम ३१ नुसार लोकांनी सलग २० वर्षे वाट वापरली, तर ती सार्वजनिक झाली असे गृहीत धरतात. ही वर्षे आजपासून नव्हे, तर हक्काला पहिली हरकत झाली त्या दिवसापासून मागे मोजायची. मार्च २०१९ मध्ये फाटकाला कुलूप लागले असेल, तर मार्च १९९९ ते मार्च २०१९. तशी हरकत कधी झालीच नसेल, तर अर्जाच्या तारखेपासून मागे. चालणे जबरदस्तीने, चोरून किंवा परवानगीने झालेले नसावे.

बरेच अर्ज परवानगीच्या मुद्द्यावरच पडतात. मालकाचे कुळ, नोकर, त्याला विचारून जाणारा शेजारी यांचे चालणे धरत नाहीत. मालकाने 'ही वाट सार्वजनिक नाही' असे निवेदन नकाशासह कौन्सिलकडे दाखल केले असेल, तर तिथून पुढची वर्षे सहसा हातची जातात. ही निवेदने कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये पाहायला मिळतात. साक्षीदारांना फॉर्म वाटण्याआधी ती पाहून घ्या.

मग साक्षीदारांचे फॉर्म, म्हणजे वाट वापरणाऱ्यांची लेखी साक्ष. किती साक्षीदार हवेत याचा आकडा कायद्यात नाही. प्रत्येकाने २० वर्षे चाललेले असण्याचीही गरज नाही. सगळ्यांची मिळून पूर्ण मुदत भरली पाहिजे. 'मी नेहमी इथून जायचो' हे वाक्य फारसे कामाचे नाही. '१९९८ ते २०१९, आठवड्यातून दोनदा, कुत्र्याला घेऊन, चर्चमागच्या फाटकापासून ओढ्यावरच्या फळीपर्यंत. दोन माणसे शेजारी चालतील एवढी रुंद. पाटी कधी दिसली नाही, कोणी अडवले नाही' असे लिहिलेले टिकते. प्रत्येकाला कोरा नकाशा द्या आणि वाट त्याची त्यालाच काढू द्या. एकाच रेघेच्या झेरॉक्स वाटल्या की चौकशीत सगळ्यांच्याच साक्षीवर शंका येते.

वाट जुनी असेल, तर कागदही लागतात: टाइद मॅप (चर्चला द्यायच्या दशमांशासाठी केलेले जुने जमीन-नकाशे), एन्क्लोजर अवॉर्ड (सामाईक जमिनी वाटून कुंपणात घेतल्याचे निवाडे), जमिनीवरच्या करासाठी काढलेले १९१० च्या फायनान्स अ‍ॅक्टचे नकाशे. त्यासाठी काउंटीचे अभिलेखागार आणि लंडनमधल्या क्यू इथले नॅशनल आर्काइव्हज (राष्ट्रीय अभिलेखागार) धुंडाळावे लागतात. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या जुन्या नकाशावरून जमिनीवर वाट होती एवढेच कळते. ती सार्वजनिक होती हे त्यावरून ठरत नाही.

अर्ज आणि नोटीस. अर्जाला निदान १:२५,००० प्रमाणाचा नकाशा आणि पुराव्याच्या प्रती जोडा. वाटेखालच्या प्रत्येक मालकाला आणि जमीन कसणाऱ्याला नोटीस द्या, आणि ती दिल्याचे प्रमाणपत्र कौन्सिलला पाठवा. हा शेवटचा कागद हमखास राहतो, आणि निर्णयाची १२ महिन्यांची मुदत तर तो पोहोचल्यावरच सुरू होते. मालक सापडत नसेल, तर जागेवर नोटीस लावण्याची परवानगी कौन्सिलकडून घ्या.

बहुतेक ठिकाणी रांग वर्षानुवर्षांची आहे. १२ महिन्यांत निर्णय नाही आला, तर सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (केंद्र सरकारच्या मंत्र्याकडे) दाद मागता येते. कौन्सिलला ठरावीक मुदतीत निर्णय द्यायला लावायचे की नाही, ते तिथे ठरते.

निर्णय आणि त्यानंतर. कौन्सिल पुरावा तपासते आणि तिथल्या इतर स्थानिक संस्थांचे मत घेऊन निर्णय देते. हक्क असल्याचा दावा वाजवी वाटला, एवढ्यावरही वाट नकाशावर चढवण्याचा आदेश काढता येतो. नकार आला तर अपिलाला २८ दिवस मिळतात. ते चुकवू नका. आदेश निघाला की स्थानिक वर्तमानपत्रात आणि वाटेच्या दोन्ही टोकांना नोटीस लागते, आणि हरकतींना किमान ४२ दिवस असतात. हरकत नसेल तर कौन्सिल स्वतःच आदेश कायम करते. हरकत आली आणि मागे घेतली गेली नाही, तर प्रकरण प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या सरकारी चौकशी यंत्रणेकडे जाते. तिथे 'वाजवी दावा' पुरत नाही, हक्क असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे हे दाखवावे लागते. साक्षीदारांना उलटतपासणीला उभे राहावे लागू शकते, म्हणून त्यांचे पत्ते आणि फोन अद्ययावत ठेवा.

आदेशाचा मसुदा हाती आला की त्यातली रुंदी आणि फाटकांची नोंद फॉर्मशी ताडून पाहा. मालकाने पुढे कुंपण वाटेवर सरकवले, तर कौन्सिल तीच नोंद दाखवून ते हटवायला सांगते.