मित्र युद्धात बेपत्ता झालाय, त्याच्या घरच्यांसाठी आपण काय करायचं

"तुमचा मुलगा मिसिंग आहे" असा युनिटमधून फोन आला की तासाभरात अख्खं गाव दारात जमतं आणि जो तो एकच विचारतो, काही कळलं का? हे विचारू नका राव. कळलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं ना.

पहिलं काम फोनचं. युनिटकडे जो नंबर दिलाय, वहिनीचा असेल नाहीतर वडलांचा, तो मोकळा आणि चार्ज ठेवायचा, पाहुणे, पुढारी, चॅनलवाले या सगळ्यांना मित्रांपैकी एकाचा नंबर द्यायचा. आणि एक वही ठेवा. कोणाचा फोन, हुद्दा, तारीख, वेळ, काय बोलले ते जसंच्या तसं. नुसतं 'मिसिंग' म्हणाले की 'मिसिंग बिलीव्ह्ड किल्ड' (बेपत्ता, बहुधा मारला गेला) म्हणाले, यावर पुढचं कागदपत्रांचं बरंच अवलंबून असतं, आणि त्या क्षणी घरातल्या कोणाच्याच डोक्यात काही राहत नाही.

दुसरं, सोशल मीडिया. पकडला गेला असेल तर युद्धकैद्यांबद्दलच्या जिनिव्हा करारानुसार त्याने फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्यातला नंबर एवढंच सांगायचं असतं, आणि इकडे आपण स्टेटसला त्याचं पोस्टिंग, कोर्स, पोरांचे फोटो सगळं टाकून मोकळे! असलं काही टाकू नका, आधी टाकलेलं असेल तर काढा. 2019 ला पायलट अभिनंदन पाकिस्तानात पकडले गेले त्याच दिवशी त्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते, तसं काही ग्रुपवर आलं तर वहिनीला दाखवायचं नाही, फॉरवर्ड नाही, डिलीटही नाही, सरळ युनिटला कळवायचं. "तुमचा माणूस तिकडच्या जेलमध्ये आहे, इतके पैसे पाठवा" असा फोन आला तर पोलिसात जा.

आता कागद. यात मित्रांचा खरा उपयोग आहे. वहिनीचं आधारवरचं नाव आणि सैन्याच्या रेकॉर्डमधलं नाव जुळतं का बघा (लग्नाची, पोरांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्याच्या रेकॉर्डमधली अधिकृत नोंद, निघालीय का तेही), एका अक्षराच्या फरकाने फाइल अडते. मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, बाकी जिल्ह्याचं सैनिक बोर्ड आहेच. पगार आणि पेन्शनचं काय होणार हे लेखीच विचारा, '7 वर्षांनी मृत धरतात, तोवर थांबा' वगैरे पारावरच्या सल्ल्यावर जाऊ नका. रेड क्रॉसकडेही शोधाची विनंती करता येते, पण आधी युनिटशी बोलून.

धीर देताना "येईलच तो" पण नको आणि "मन घट्ट करा" पण नको. कारगिलमध्ये पायलट नचिकेता 27 मे 1999 ला पकडले गेले आणि 3 जूनला सुटले. आणि 1971 च्या युद्धात बेपत्ता झालेले फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे? त्यांच्या पत्नी दमयंती, बॅडमिंटनच्या नॅशनल चॅम्पियन, पुढे कितीतरी वर्षं शोध घेत राहिल्या, 2007 ला बेपत्ता जवानांचे 14 नातेवाईक पाकिस्तानातल्या जेल बघून आले तरी कोणी सापडलं नाही. दोन्ही होऊ शकतं, आपल्याला माहीत नसतं, मग गप्प बसून चहा टाकलेला बरा.

कुंकू, मंगळसूत्र यावर भावकीत कुजबुज सुरू होतेच. तो निर्णय फक्त वहिनीचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला नेहमीसारखं बोलवा, यायचं की नाही ते ती बघेल, पण आमंत्रण तुमच्याकडून तुटता कामा नये, बायकांनो हे तुमच्याकडे.

पहिल्या आठवड्यात डबे इतके येतात की वाया जातात, तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही, त्यामुळे आत्ताच वाटून घ्या, एकाकडे बँक आणि हप्ते, एकाकडे वडलांचा दवाखाना, एकाकडे शेतातली कामं, आणि पोरांना रविवारी क्रिकेटला न्यायचं काम ज्याला ऑफिसचं कारण सांगायची सवय नाही अशालाच द्या.