मोटरहोमचं टीपीएमएस: सोलापूरच्या उन्हात या चुका टाळा

टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम, म्हणजे टायरमधली हवा सतत मोजून इशारा देणारं टीपीएमएस, बसवलेल्या मोटरहोममध्ये, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीत, एप्रिल-मे महिन्यात एक प्रकार हमखास घडतो. सकाळच्या गारव्यात पुण्याहून निघालेली गाडी दुपारी टेंभुर्णी-मोहोळच्या पट्ट्यात येते, डॅशबोर्डवरचं यंत्र 'प्रेशर जास्त' म्हणून वाजायला लागतं, आणि चालक गाडी कडेला घेऊन सगळ्या टायरमधली थोडी थोडी हवा सोडतो. यंत्र गप्प होतं, सगळ्यांना हायसं वाटतं. खरा धोका तिथूनच सुरू होतो.

हिशेब करून बघा. सकाळी 25 अंशांना थंड टायरमध्ये 60 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा आहे. डांबर तापलेलं, गाडी भरलेली, त्यामुळे धावताना टायरमधली हवा 65 अंशांपर्यंत गेली तर प्रेशर आपोआप 70च्या आसपास जातं. यात बिघाड काहीच नाही. टायर बनवणारे ही वाढ धरूनच थंड प्रेशरचा आकडा देतात. आता तुम्ही तापलेल्या टायरमधून हवा सोडून आकडा 60वर आणलात, तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच टायरमध्ये फक्त 51 उरतात. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते आणि त्यातून आणखी उष्णता तयार होते. उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा जास्त हवा नसते, कमी हवा आणि जास्त वजन असतं. म्हणून तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू नका. अलार्म वाजलाच तर बाकीच्या टायरचे आकडे बघा. सगळे सारखेच वाढले असतील तर ते उन्हाचं आणि वेगाचं काम आहे, वेग कमी करा. एकच टायर शेजारच्यापेक्षा खूप तापलेला दिसला तर मात्र थांबा. ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग गेलंय, अशी शक्यता असते.

मुळात तो 60चा आकडा आला कुठून?

इथेच दुसरी मोठी चूक होते. टायरच्या भिंतीवर छापलेलं कमाल प्रेशर हा हवा भरायचा आकडा नव्हे. दरवाजाजवळच्या स्टिकरवरचा आकडाही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा. त्यानंतर तिच्यात पलंग, फ्रिज, बॅटऱ्या, गॅस, पाण्याची टाकी बसली. नुसतं 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. म्हणून पाण्याची टाकी, डिझेल आणि सामान भरून, माणसं बसवून गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. सोलापुरात मार्केट यार्ड आणि एमआयडीसीच्या बाजूला ट्रक तोलणारे काटे मिळतात. काट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवा आणि आकडा लिहून घ्या, मग पूर्ण गाडी, मग पुढची चाकं उतरवून फक्त मागची. काटेवाल्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो एकच पावती फाडून मोकळा होईल. पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं हातात आलं की टायर कंपनीच्या लोड-प्रेशर तक्त्यातून, म्हणजे किती वजनाला किती हवा हे सांगणाऱ्या तक्त्यातून, आकडा काढता येतो. त्याआधी एक्सलच्या क्षमतेपेक्षा वजन जास्त नाही ना, तेही तपासा. तसं असेल तर हवा वाढवून उपयोग नाही, सामानच उतरवावं लागेल.

हवा मोजायची ती गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, आणि ऊन चाकांवर यायच्या आत. तीन वाजता उन्हात उभ्या गाडीचा टायर 'थंड' म्हणता येत नाही. पंपावरच्या गेजवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, स्वतःचा चांगला डिजिटल गेज ठेवा. मे महिन्यात भरलेली हवा जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, पहाटे तीन-चार पीएसआयने कमीच दिसणार. ही गळती नाही, पण हवा मारून घ्यायलाच हवी.

अलार्मची सेटिंग

यंत्र खोक्यातून जसं आलं तसंच वापरणं, हीसुद्धा सर्रास होणारी चूक. पुष्कळ यंत्रांची सेटिंग कारच्या हिशेबाने असते. अमेरिकेतला टीपीएमएसचा नियम 4,536 किलोपर्यंतच्या हलक्या गाड्यांसाठी आहे आणि त्यात दिवा लागतो तो हवा 25 टक्क्यांनी कमी झाल्यावर. आपल्या 60च्या टायरला तो इशारा 45वर मिळेल. भरलेल्या मोटरहोमसाठी हा फारच उशीर आहे. कमीचा अलार्म थंड आकड्याच्या 10 टक्के खाली, म्हणजे 54ला ठेवा. जास्तीचा 25 टक्के वर, 75ला. तो 66ला ठेवलात तर प्रत्येक दुपारी वाजेल, आणि रोज वाजणाऱ्या अलार्मकडे खऱ्या संकटातही कोणी बघत नाही. पुढच्या-मागच्या चाकांना वेगळे आकडे देता येत नसतील तर ते यंत्र घेऊच नका.

खरेदीआधी मोजमापाची कमाल मर्यादा वाचा. कारच्या काही किटची मर्यादा साडेतीन बार असते, म्हणजे जेमतेम 51 पीएसआय. मोटरहोमला ते निरुपयोगी.

टोपणवाले सेन्सर की आतले?

व्हॉल्व्हवर टोपणासारखे बसणारे सेन्सर स्वतः लावता येतात, बॅटरी बदलता येते, म्हणून बहुतेक जण तेच घेतात. घ्यायला हरकत नाही, पण रबरी व्हॉल्व्हवर ते लावू नका. चाक फिरताना सेन्सरचं वजन बाहेर ओढतं, रबर सतत वाकतं आणि बुडाशी चिरतं. मग जो सेन्सर गळती पकडायला बसवला तोच गळतीचं कारण होतो. आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. सेन्सर लावल्यावर व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि टोपणाच्या आट्यांवर साबणाचं पाणी लावून मिनिटभर बघत राहा. बारीक बुडबुडे एकामागून एक येत असतील तर आतली रबरी सील नीट बसलेली नाही. हवा मारताना सेन्सर काढावा लागतो, तो पंक्चरवाल्याच्या स्टुलावर विसरू नका.

टायरच्या आत बसणाऱ्या सेन्सरची बॅटरी सहसा पाच ते सात वर्षं टिकते आणि संपली की बहुधा सेन्सरच बदलावा लागतो. ते नवे टायर टाकतानाच बसवा. टायरमध्ये पंक्चरचं लिक्विड टाकलं की आतल्या सेन्सरचं छिद्र बुजू शकतं, हे पंक्चरवाल्याला सुरुवातीलाच सांगा.

मागे जोडचाकं असतील तर सहाही टायरला सेन्सर हवेत, यात काटकसर नको. आतला टायर बसला तरी बाहेरचा गाडी उचलून धरतो, बाहेरून काहीच कळत नाही, आणि दुप्पट वजनाखाली बाहेरचा टायर तापत जातो. टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरून पूर्ण बसलेला टायर ओळखता येतो, पण 60 आणि 48 मधला फरक ओळखता येत नाही. आतल्या चाकासाठी एक्स्टेन्शन लागलं तर धातूचं आणि आधार देऊन घट्ट बांधलेलं घ्या.

मागच्या चाकांचे आकडे येत नाहीत

आधी सेन्सरची बॅटरी बदलून बघा. नवी बॅटरी टाकूनही सिग्नल तुटत असेल तर लांब पत्र्याच्या बॉडीत तो अडतोय, गाडीच्या मागच्या भागात रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र, लावा. गाडी उभी असताना बरेच सेन्सर झोपलेले असतात, त्यामुळे सकाळी स्क्रीनवर दिसणारा आकडा काल रात्रीचाही असू शकतो. थोडं अंतर चालवून ताजे आकडे आले की नाही बघा. टायरची अदलाबदल केल्यावर सेन्सरच्या जागाही यंत्रात बदला, नाहीतर हवा मागच्या उजव्या चाकातून जाईल आणि तुम्ही पुढचं डावं तपासत बसाल. वर्षातून एकदा मुद्दाम एका थंड टायरची हवा अलार्म वाजेपर्यंत सोडून पाहा, मग परत भरा. हा एकमेव खरा तपास आहे. उन्हात गाडी लावताना डिस्प्ले काचेवरून काढून ठेवा, त्यातली बॅटरी उष्णतेने खराब होते.

टीपीएमएसला टायरचं वय कळत नाही. महिनोन्महिने अंगणात उन्हात उभ्या मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. भिंतीवरच्या तारखेत 2319 असेल तर तो 2019च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि भिंतीला भेगा दिसल्या तर प्रेशर कितीही बरोबर असलं तरी बदला.

आपल्याकडे 2020 साली नियमात बदल होऊन टीपीएमएस आणि पंक्चर किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीतून सूट मिळाली. ती लहान गाड्यांसाठीची सोय आहे. ती ऐकून मोटरहोमची स्टेपनी काढू नका. उलट तिलाही एक सेन्सर लावा. तुळजापूर किंवा गाणगापूरच्या वाटेवर जॅक लावून झाल्यावर स्टेपनीत हवाच नाही, असं व्हायला नको.