परदेशी फ्लाइंग स्कूल: फी भरण्याआधी

आधी वर्ग १ मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारी वैद्यकीय तपासणी, करून घ्या. तिथे अडलं तर पुढचं सगळंच अडतं. मग शाळेला विचारा: आज उडण्याजोगी विमानं किती, विद्यार्थी किती, चेकराइडसाठी (लायसन्सची प्रत्यक्ष उड्डाण परीक्षा) परीक्षक किती आठवड्यांनी मिळतो? ताफ्यात दाखवलेली निम्मी विमानं हँगरमध्ये दुरुस्तीला असू शकतात. खरा उशीर इथेच होतो, आणि उड्डाणात खंड पडला की तेच धडे पुन्हा पैसे मोजून गिरवावे लागतात. ताशी दरात इंधन धरलंय का, बिल हॉब्स मीटरवर (इंजिन चालू असलेला वेळ मोजणारा) की टॅकवर (इंजिनाच्या फेऱ्यांवरून वेळ मोजणारा), हे लेखी घ्या. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, टॅक हळू चालतो, हॉब्स मात्र घड्याळाच्याच वेगाने. पूर्ण फी एकरकमी तर देऊच नका. टप्प्याटप्प्याने भरा आणि न उडलेल्या तासांचा परतावा करारात लिहून घ्या.