कृत्रिम कान घडवताय? या चुका टाळा

कान तयार झाला, बसवून पाहिला, आरशात सगळं झकास. मग गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून आलेल्या त्या काकांना चहाबरोबर पोई, म्हणजे गोव्याचा पाव, दिली. दुसऱ्या घासालाच कानाची पुढची कड उचलली गेली आणि नख जाईल एवढी फट पडली. संगणकासाठी घेतलेला चेहऱ्याचा त्रिमितीय स्कॅन स्वच्छ होता, पण तोंड मिटलेलं असताना घेतलेला. जबडा हलला की कानापुढची कातडी सरकते, हे आम्हाला माहीत असूनही घाईत राहून गेलं.

आता आम्ही दोन स्कॅन घेतो, एक तोंड मिटून आणि एक दोन बोटं मावतील इतकं उघडून. पुढची कड दुसऱ्यावर बेततो. मेणाचा कान लावून पाहताना पेशंटला बोलायला, हसायला, जांभई द्यायला लावतो. सिलिकॉन ओतून झाल्यावर फट सापडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हाताने ठसा घेणाऱ्यांची चूक वेगळी. अल्जिनेट (ठशासाठी कातडीवर लावायचा मऊ लगदा) आणि त्यावरचं प्लास्टर यांच्या वजनाने गालाची, डोळ्याभोवतीची मऊ कातडी दबते आणि ठशात दबलेलीच उतरते. पेशंटला झोपवून घेतलेल्या सीटी स्कॅनमध्येही गाल मागे ओघळलेले असतात. म्हणून माणूस ताठ बसलेला असावा आणि प्लास्टरचा थर पातळ असावा. स्कॅनरचं वजन पडत नाही, पण केसांत आणि खोलगट जागी तो गडबडतो. तेवढ्या जागेचा ठसा हाताने घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

संगणकाची खरी करामत म्हणजे चांगला कान उलटवून दुसऱ्या बाजूला बसवणं. मेणात जे करायला दिवस जायचा ते मिनिटांत होतं. पण जन्मतःच एक कान नसलेल्यांची त्या बाजूची हाडंही बरेचदा लहान असतात. तिथे चेहऱ्याचा मध्य धरून कान उलटवला की तो गणिताने बरोबर आणि नजरेला वाकडा दिसतो. जागा ठरवायची ती माणूस समोर उभा करून, चार पावलं मागे जाऊन. पेशंटच्या आईला किंवा बायकोला बोलवा. त्यांना दोन मिलिमीटरचा फरक लांबून कळतो. जागा पक्की झाली की कातडीवर न पुसणाऱ्या पेन्सिलीने खूण करा, ठशात ती आपोआप उतरते. नाकाला मात्र उलटवायला दुसरी बाजू नाही. तिथे जुने फोटो आणि मेणात बसलेला हात हाच आधार.

माप तपासायचं विसरू नका. त्रिमितीय आकार साठवणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये आकडे असतात, एकक नसतं. मिलिमीटरचे इंच झाले तर चूक लगेच दिसते आणि हसू येतं. मोबाइलच्या फोटोंवरून केलेला कान चार मिलिमीटरने लहान आला तर ते उशिरा कळतं. फोटो काढताना गालाजवळ पट्टी चिकटवा आणि शेवटी कॅलिपर (मापाचा चिमटा) लावूनच पुढे जा.

सर्वांत जास्त विचारणा होते ती न जमणाऱ्या सिलिकॉनची. थ्रीडी प्रिंटरने छापलेल्या रेझिनच्या (प्रकाशात कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या) साच्यात सिलिकॉन ओतलं, दुसऱ्या दिवशी साचा उघडला, तर साच्याला लागून असलेला थर चिकटच. दोष बहुतेक वेळा सिलिकॉनचा नसतो. प्लॅटिनमच्या मदतीने जमणाऱ्या सिलिकॉनला अर्धवट पिकलेलं, म्हणजे पुरतं कडक न झालेलं रेझिन चालत नाही, गंधक असलेली शिल्पकामाची माती चालत नाही आणि लॅटेक्सचे हातमोजेही चालत नाहीत. हातमोजे नायट्राइलचेच वापरा. रेझिन धुऊन, प्रकाशात पुरतं पिकवूनही काही वेळा दगा देतं. आमचा मार्ग लांबचा आहे, पण खात्रीचा: छापलेल्या कानाची मेणात नक्कल काढायची, ती हाताने पूर्ण करायची आणि साचा दगडी प्लास्टरचा करायचा. त्यात आणखी एक फायदा होतो. छपाईच्या थरांच्या रेषा सिलिकॉनवर जशाच्या तशा उमटतात. मेणावर त्या पुसून ब्रशने किंवा संत्र्याच्या सालीने कातडीची छिद्रं उठवता येतात. कडही तिथेच कागदासारखी पातळ करता येते. संगणकाने सोडलेली मिलिमीटरभर जाड कड उन्हात स्वतःची सावली पाडते.

पावसाळ्यात प्लास्टरची पिशवी उघडी टाकू नका. आपल्याकडच्या दमट हवेत ते आठवड्यात गुठळ्या धरतं आणि जमण्याची वेळही बदलते.

रंग ट्यूबलाइटखाली जुळवणं ही जुनी खोड. खोलीत जुळलेला रंग बाहेर व्हरांड्यात आला की राखाडी पडतो. पहिल्या महायुद्धात चेहरे गमावलेल्या सैनिकांसाठी ॲना कोलमन लॅड यांनी १९१७ मध्ये पॅरिसला स्टुडिओ काढला. लॅड पातळ तांब्याचे मुखवटे सैनिकाच्या चेहऱ्यावर चढवूनच रंगवत आणि ढगाळ दिवस व ऊन यांच्या मधली छटा धरत. आजही तीच पद्धत. आमच्याकडे रंगाला बसणारा मुलगा डिचोलीकडच्या गणपतीच्या चित्रशाळेत वाढलेला. डोळ्यांच्या आखणीवर हात बसलेला. तो एकच रंग कधी ओतत नाही. साच्यात आधी कानाच्या वरच्या काठाला तांबूस, मग पाळीला फिकट, मग खळग्यात किंचित निळसर असे पातळ थर देतो आणि प्रत्येक रंग वजन करून वहीत लिहितो. ती वही नसती तर दीड-दोन वर्षांनी नवा कान करताना पुन्हा अंदाजाचाच खेळ. शेतात किंवा किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना आम्ही एप्रिलसाठी थोडा गडद असा दुसरा कान सुचवतो.

घामाने गोंद सुटतो, ही तक्रार इथे बारमाही. कातडी तेलकट असताना गोंद लावू नका, रात्री कान काढून ठेवा, सौम्य साबणाने धुवा, थिनर तर लांबच ठेवा. किरणोपचार झालेल्या कातडीवर गोंद लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. हाडात बसवलेले स्क्रू आणि लोहचुंबक हा पर्याय भक्कम आहे, पण हेल्मेटपुढे तोही हरतो. म्हापशाच्या बाजारात एकाने हेल्मेट उपसलं आणि कान आत राहिला. दहा मिनिटं तो रस्त्यावर शोधत होता. स्कूटरवर बसण्याआधी कान काढा आणि झाकणाच्या डबीत ठेवा. खिशात नको, किल्लीने कड फाटते.