टाकी भरली की ओरडणारी डबी

इंदूरला नर्मदेचं पाणी ७०-एक किलोमीटरवरून, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, पंप करून चढवत आणतात. टिळकनगरात आमच्याकडे ते एक दिवसाआड येतं. नळ आले की गल्लीभर मोटरी सुरू, आणि थोड्या वेळाने कुणाच्या तरी गच्चीवरून धार लागते. मग खालून हाक येते, "काकू, टाकी भरली!" हाक मारण्याचं हे काम एका डबीला देता येतं.

सामान महाराणी रोडला मिळतं: बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १ के आणि १०० के (के म्हणजे हजार ओहम) असे दोन रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी, एक छोटं चालू-बंद बटण, गच्चीपर्यंत पुरेल एवढी दुहेरी वायर आणि बझर. बझर आपला आपण वाजणारा मागा. नुसती पितळी चकती दिली तर ती बॅटरीवर वाजणार नाही.

जोडणी सोपी आहे: टाकीत सोडलेल्या दोन टोकांना पाणी टेकलं की त्यातून थोडी वीज ट्रान्झिस्टरला मिळते आणि तो बझर वाजवतो. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बॅटरीच्या धन टोकाला बटण. बटणापुढून दोन वाटा: एक बझरमधून कलेक्टरला, दुसरी वायरने वर टाकीत. टाकीतून परत येणारी वायर १ के मधून बेसला. एमिटर ऋण टोकाला. १०० के चा रेझिस्टर बेस आणि एमिटरच्या मध्ये लावा. तो जोडणीच्या बऱ्याच नकाशांत नसतो, पण लांब वायर घरातल्या विजेची गुणगुण पकडते आणि टाकी रिकामी असतानाही बझर कुरकुरतो, म्हणून मी तो सोडत नाही.

खरी कारागिरी टाकीतल्या दोन टोकांची. तांब्याची तार सोडली की काम होतं, पण थोड्याच दिवसांचं. पाण्यातून वीज वाहताना धन टोकाचं तांबं विरघळत जातं, हिरवं होतं, आणि ते आपल्याच पाण्यात. कार्बन असा विरघळत नाही. तो घरातच असतो: भिंतीवरच्या घड्याळाच्या साध्या, स्वस्त सेलमध्ये मधोमध काळी कांडी असते. पक्कडीने जस्ताचं कवच सोलून ती काढा, हातमोजे घाला, काळी पूड कागदावर घ्या (कपड्यावर पडली तर डाग जाता जात नाही), कांडी साबणाने घासून धुवा. सेलवर 'अल्कलाइन' लिहिलं असेल तर हात लावू नका, आत दाहक क्षार असतो आणि कांडीही नसते. मोबाइलची बॅटरी तर मुळीच फोडायची नाही.

कांडीच्या डोक्यावर पितळी टोपी असते. वायर तिलाच झाळा आणि वरून एम-सील थापा, पितळ उघडं राहिलं तर हिरवं पडणारच. अशा दोन कांड्या जुन्या टूथब्रशच्या दांड्याला बोटभर अंतराने बांधा. टोकं ओव्हरफ्लो पाइपाच्या दोन-तीन इंच खाली येतील अशी लटकवा, म्हणजे जिना उतरून मोटर बंद करायला वेळ मिळतो.

टाकीत सोडण्याआधी कांड्या नळाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवून पाहा. आरओचं पाणी घेऊ नका, त्यात क्षार कमी, वीज कमी वाहते, आणि उगाच जोडणीवर संशय येतो. हे सगळं फक्त बॅटरीवर. घरच्या २३० व्होल्टची कुठलीही वायर टाकीच्या आसपास नको, कुणी इलेक्ट्रिशियन "अ‍ॅडाप्टर लावून देतो" म्हणाला तरी.

मोटर बंद केल्यावरही बझर ओरडत राहतो, कारण कांड्या पाण्यातच असतात. त्यासाठीच ते बटण. पण दाबून बंद केलेलं पुन्हा सुरू करायला घरातलं कोणीही विसरतं, तेव्हा डबी मोटरच्या स्विचला खेटूनच ठोका. आमच्याकडे आधी डबीचं बटण, मग मोटरचं.