माटोळीखालच्या गणपतीचा फोटो: फ्लॅश भिंतीवर मारा

चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे वर टांगलेली लाकडी चौकट असते: नारळ, सुपारीचे घोस, कवंडळे अशा रानफळांनी गच्च भरलेली. फ्लॅश थेट मूर्तीवर मारला तर रंगावर पांढरा ठिपका चमकतो आणि मखरावर काळी, कडक सावली उमटते. म्हणून अनेकजण फ्लॅशचे डोके छताकडे वळवतात. इतर खोलीत हे उत्तम, पण इथे वरून येणारा उजेड माटोळीच अडवते आणि देवाचा चेहरा काळवंडतो. जुन्या घरात तर वर काळपट वासे आणि मंगळुरी कौले. ती बराचसा उजेड गिळतात आणि उरलेला तांबूस करतात.

तेव्हा बाजूची भिंत धरा. ती पांढरीच हवी. हिरव्या-निळ्या भिंतीवरून आलेली छटा दिव्यांच्या उजेडात मिसळते आणि नंतर काही केल्या नीट निघत नाही. भिंत रंगीत असेल तर पांढरी चादर ताणून बांधा, डबल घडी करून, म्हणजे मागचा रंग झिरपणार नाही.

भिंतीपासून १ ते १.५ मीटरवर उभे राहा. फ्लॅशचा झूम, म्हणजे उजेड किती पसरेल ते, हाताने ३५ मिमीवर ठेवा. उजेडाचा डाग तुमच्या आणि मूर्तीच्या मधोमध भिंतीवर पडावा. डाग जितका मोठा, तितकी सावली मऊ. मूर्तीच्या जागेवरून फ्लॅशची काच दिसता कामा नये, नाहीतर थेट उजेड निसटतो आणि सगळी मेहनत वाया. फ्लॅशच्या मूर्तीकडच्या बाजूला काळ्या जाड कागदाची पट्टी रबराने बांधा.

कॅमेरा मॅन्युअलवर: १/१२५ सेकंद, एफ/४, आयएसओ ८००. आधी फ्लॅशविना एक फोटो काढा. समई आणि दिव्यांच्या माळा दिसाव्यात, बाकी अंधुक चालेल. मग फ्लॅश १/४ शक्तीवर. टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशची शक्ती कॅमेऱ्याने आपोआप ठरवण्यावर, भरवसा ठेवू नका, चकाकत्या मखराने ते फसते आणि फोटो काळा येतो. टीटीएलच वापरायचे असेल तर फ्लॅशची भरपाई +१ द्या.

पिवळ्या दिव्यांत फ्लॅशवर अर्धा सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारा पारदर्शक कागद) लावा, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३८०० केल्विनच्या आसपास. जेल नसेल तर चेहरा निळसर आणि मागचे मखर पिवळे, असे दोन तुकडे दिसतात.

घुमट आरतीत (घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरतीत) सलग फोटो हवे असतील तर आयएसओ १६०० करून फ्लॅश १/८ वर आणा, पण आधी फ्लॅशविना पुन्हा एक फोटो पाहा: माळा जास्त उजळल्या तर शटर १/२०० करा. उजेड तेवढाच मिळतो, फ्लॅश लवकर भरतो आणि तापतही नाही.